फसवी अटॅचमेंट उघडली गेली? बॅकडोअर ट्रोजन काढण्याचा योग्य क्रम

फसव्या ईमेलमधली फाइल उघडली गेली की बहुतेक जण ठरावीक क्रमाने चुकतात. आधी तो ईमेल डिलीट करतात, मग अँटीव्हायरस चालवतात, ‘काही सापडलं नाही’ असं दिसलं की निश्चिंत होतात. तरीही मनात शंका राहिली तर त्याच संगणकावर बसून सगळे पासवर्ड बदलतात. यातली शेवटची पायरी सर्वांत महागात पडते. बॅकडोअर ट्रोजन, म्हणजे साध्या फाइलीच्या रूपात शिरून हल्लेखोराला चोरदरवाजा उघडून देणारा प्रोग्राम, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपू शकतो, त्यामुळे नवा पासवर्ड टाइप होता होताच पलीकडे पोचतो. करायची कामं जवळजवळ तीच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे.

हा लेख विंडोज असलेल्या घरच्या किंवा लहान कार्यालयातल्या संगणकासाठी आहे. संगणक कंपनीचा असेल आणि तिथे आयटी विभाग असेल तर फक्त पहिला टप्पा करा आणि लगेच त्यांना फोन लावा. पुढचे टप्पे त्यांच्या परवानगीशिवाय करू नका. तुम्ही स्वच्छतेच्या नादात पुसलेली नोंद त्यांना तपासासाठी हवी असते.

## क्रम असा का

अटॅचमेंटमधली फाइल बहुतेक वेळा खरा ट्रोजन नसतेच. ती लहानशी डाउनलोडर असते: चालली की इंटरनेटवरून मुख्य प्रोग्राम आणते, तो वेगळ्या फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवते, संगणक सुरू होताना तो आपोआप चालेल अशी नोंद करते, आणि कित्येकदा स्वतःला पुसून टाकते. म्हणून ईमेल किंवा ती फाइल डिलीट करून काहीच साधत नाही.

मुख्य ट्रोजन मग आतून बाहेर कनेक्शन जोडतो. राउटरचा फायरवॉल बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीला अडवतो, पण आतून निघालेल्या कनेक्शनला सहसा वाट देतो. त्यातही पोर्ट ४४३, म्हणजे सुरक्षित वेबसाइटची नेहमीची वाट, वापरलं की ती वाहतूक साध्या वेबसाइट पाहण्यासारखीच दिसते. हे कनेक्शन जिवंत असेपर्यंत पलीकडचा माणूस फाइली पाहू शकतो, स्क्रीनचं चित्र घेऊ शकतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (‘हा आधीच लॉगिन झालेला आहे’ अशी ब्राउझरमधली नोंद) उचलू शकतो, नवे प्रोग्राम टाकू शकतो. म्हणून आधी कनेक्शन तोडायचं, मग स्वच्छ उपकरणावरून खाती वाचवायची आणि संगणकाकडे त्यानंतर वळायचं.

## तयारी: जवळ काय हवं

१. एक स्वच्छ उपकरण. ज्यावर ती फाइल उघडलेली नाही असा फोन किंवा दुसरा संगणक. पेनड्राइव्ह तयार करायला मात्र संगणकच लागेल.

२. दोन पेनड्राइव्ह. विंडोज बसवण्यासाठी किमान ८ जीबीचा एक, तपासणीची साधनं किंवा सहाव्या टप्प्यातलं लिनक्स नेण्यासाठी दुसरा. दोन्ही पूर्ण पुसले जातील असं धरून चाला.

३. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. ही की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. स्वच्छ उपकरणावरून तिथे लॉगिन करून ती कागदावर उतरवा. ती नसेल तर सहाव्या टप्प्यात तुमच्याच डिस्कवरच्या फाइली तुम्हाला वाचता येणार नाहीत.

४. वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, स्वच्छ संगणकावर उतरवलेले. विंडोज बसवताना वायफाय ओळखलं गेलं नाही की काम तिथेच अडतं.

५. कागद आणि पेन. नोंदी बाधित संगणकावर ठेवू नका.

यातलं काही हाताशी नसलं तरी पहिला टप्पा थांबवू नका. तो आधी करा, जमवाजमव नंतर.

## टप्पा १: नेटवर्क तोडा

लॅनची केबल काढा. वायफाय बंद करा, शक्यतो एअरप्लेन मोड लावून. ब्लूटूथही बंद करा. संगणक फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर फोनवरून हॉटस्पॉट बंद करा. संगणकाला जोडलेली बाहेरची हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह काढा, विशेषतः ज्यावर बॅकअप आहे ती डिस्क.

फक्त ब्राउझर बंद करणं किंवा व्हीपीएन तोडणं पुरेसं नाही. ट्रोजनचं कनेक्शन ब्राउझरवर अवलंबून नसतं. एअरप्लेन मोडही सॉफ्टवेअरचीच सोय आहे. खात्री वाटत नसेल तर राउटरच बंद करा, किंवा स्वच्छ उपकरणावरून वायफायचा पासवर्ड बदला.

संगणक बंद करायचा का? घाईने नको. रीस्टार्ट केल्यावर आपोआप चालण्याची नोंद कामाला लागते, आणि मेमरीत असलेला पुरावा जातो. नेटवर्क तुटलं असेल तर संगणक तसाच चालू राहू द्या. एकच अपवाद: डोळ्यांसमोर फाइलींची नावं किंवा एक्स्टेंशन बदलत असतील आणि फाइली उघडेनाशा झाल्या असतील, तर मागोमाग रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलेलं आहे. अशा वेळी पॉवरचं बटण दाबून धरा आणि संगणक ताबडतोब बंद करा.

तपासा: टास्कबारवरच्या नेटवर्कच्या चिन्हावर कनेक्शन नसल्याचं दिसतंय ना? केबल आणि वायफाय दोन्ही असलेल्या संगणकात एक तोडून दुसरं चालू राहणं ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा २: पाच मिनिटांत नोंद करा

ईमेल डिलीट करू नका. स्वच्छ उपकरणावरून तो पाहा आणि कागदावर लिहा: पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, विषय, ईमेल आल्याची वेळ, फाइल उघडल्याची वेळ, फाइलचं पूर्ण नाव एक्स्टेंशनसह. ईमेल उघडायचा, अटॅचमेंटला हात लावायचा नाही. संगणकावर काही विचित्र दिसलं असेल, जसं की क्षणभर चमकून गेलेली काळी खिडकी किंवा ‘फाइल खराब आहे’ असा संदेश, तर तेही लिहा. स्क्रीनवर अजून काही दिसत असेल तर फोनने फोटो काढा.

फाइल उघडल्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. पुढे कुठला बॅकअप विश्वासाचा आणि बँक खात्यातला कुठला व्यवहार संशयास्पद, हे त्या वेळेवरून ठरतं.

## टप्पा ३: नक्की काय उघडलं गेलं ते ठरवा

प्रत्येक फसव्या ईमेलमुळे संगणक बाधित होतोच असं नाही, आणि विनाकारण फॉरमॅट मारण्यात दिवस जातो. त्यामुळे इथे थोडं थांबून विचार करा.

फक्त ईमेल वाचला, अटॅचमेंटवर क्लिक केलं नाही. ईमेलचं ॲप आणि विंडोज अद्ययावत असतील तर सहसा काही चाललेलं नसतं. ईमेल स्पॅम म्हणून कळवा आणि थांबा.

एचटीएमएल फाइल उघडली आणि लॉगिनचं पान दिसलं. हा पासवर्ड चोरण्याचा प्रकार. तिथे पासवर्ड टाकला असेल तर चौथा टप्पा लगेच करा. मात्र त्या पानाने आपोआप झिप किंवा आयएसओ फाइल उतरवली आणि तुम्ही ती उघडली असेल, तर पुढचा प्रकार लागू होतो.

ईएक्सई, एससीआर, एमएसआय, बॅट, जेएस, व्हीबीएस, एचटीए किंवा एलएनके फाइलवर डबल-क्लिक झालं. संगणक बाधित आहे असं धरा. काहीच घडल्यासारखं दिसलं नाही म्हणून सुटलो असं मानू नका, काहीही न दिसणं हाच या फाइलींचा नेहमीचा गुण आहे. काही वेळा दिखाव्यासाठी खरी पीडीएफही उघडते, म्हणजे वाचणाऱ्याला संशय येत नाही.

आयएसओ किंवा आयएमजी फाइल उघडली. विंडोज ती नव्या ड्राइव्हसारखी जोडते. आत सहसा एक शॉर्टकट आणि काही लपवलेल्या फाइली असतात. नुसता ड्राइव्ह जोडला गेला आणि आतल्या कशावरही क्लिक केलं नाही, तर ड्राइव्हवर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ करा आणि पाचव्या टप्प्यातली तपासणी करा. आतल्या शॉर्टकटवर क्लिक झालं असेल तर संगणक बाधित.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडली. पिवळी पट्टी दिसत होती आणि ‘एनेबल एडिटिंग’ किंवा ‘एनेबल कंटेंट’ दाबलं नाही, तर धोका कमी. ‘एनेबल कंटेंट’ दाबलं असेल तर संगणक बाधित धरा. नुसतं ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं असेल तर ऑफिस किती जुनं आहे ते पाहा. इक्वेशन एडिटर या ऑफिसच्या गणिती सूत्रं लिहिण्याच्या भागातली २०१७ साली दुरुस्त झालेली त्रुटी अपडेट न केलेल्या ऑफिसवर मॅक्रोशिवायही (मॅक्रो म्हणजे ऑफिसच्या फाइलीत ठेवलेला छोटा प्रोग्राम) कोड चालवते, आणि ती वापरणाऱ्या फाइली त्यानंतर कित्येक वर्षं ईमेलमधून फिरत राहिल्या.

फोनवर उघडली. विंडोजची फाइल अँड्रॉइडवर चालत नाही. पण एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, बसवली असेल तर तो फोन बाधित, आणि मग तो ‘स्वच्छ उपकरण’ म्हणून चालणार नाही.

इशारा: संशयित फाइल ऑनलाइन तपासणीच्या संकेतस्थळावर चढवण्याआधी विचार करा. अशा ठिकाणी चढवलेल्या फाइली इतर सभासदांनाही मिळू शकतात, त्यामुळे त्यात तुमच्या संस्थेची माहिती असेल तर ती बाहेर गेली. आधी फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ६४ अक्षरांची तिची ओळख, काढून फक्त तो शोधा. आणि शोधात काही सापडलं नाही तर फाइल निर्दोष ठरत नाही. हल्लेखोर दर मोहिमेत फाइलमध्ये जरासा बदल करतात आणि हॅश पूर्ण वेगळा होतो.

## टप्पा ४: खाती वाचवा, स्वच्छ उपकरणावरून

वर ‘बाधित धरा’ असं निघालं असेल तर संगणकाला हात लावण्याआधी हा टप्पा पूर्ण करा. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. संगणक पुन्हा बसवता येतो, पण हातातून गेलेलं ईमेल खातं परत मिळवताना नाकी नऊ येतात.

खात्यांचा क्रम असा ठेवा.

१. पासवर्ड मॅनेजर, तो बाधित संगणकावर उघडलेला असेल तर.

२. मुख्य ईमेल खातं. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच्याच मार्गाने बदलता येतात.

३. बँक, डिमॅट, पेमेंटची खाती. बँकेला तिच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून नेट बँकिंग तात्पुरतं थांबवायला सांगा.

४. कामाची खाती, क्लाउड स्टोरेज, वेबसाइटची व्यवस्थापकीय खाती.

५. सोशल मीडिया आणि मेसेजिंग.

प्रत्येक खात्यात नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ट्रोजनने लॉगिनची कुकी चोरली असेल तर हल्लेखोर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न देता आधीच आत बसलेला असतो. पासवर्ड बदलल्यावर काही सेवा सगळी सेशनं आपोआप बंद करतात, काही करत नाहीत. म्हणून दर वेळी पुढची सगळी कामं करा:

पासवर्ड बदला, तो दुसऱ्या कुठल्याही खात्याशी जुळणारा नको. मग ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. मग रिकव्हरीचा ईमेल आणि फोन क्रमांक तुमचाच आहे ना ते पाहा. दुहेरी पडताळणी चालू करा. आधीच चालू असेल तर तिथे अनोळखी ॲप किंवा उपकरण जोडलेलं नाही ना ते तपासा आणि बॅकअप कोड नव्याने काढा. ॲप पासवर्ड असतील ते रद्द करा. खात्याला जोडलेल्या बाहेरच्या ॲपची यादी उघडून अनोळखी ॲपची परवानगी काढा.

ईमेल खात्यात आणखी एक तपासणी लागते, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. हल्लेखोर असा नियम लावून ठेवतो की ‘बँक’ किंवा ‘इनव्हॉइस’ हा शब्द असलेला प्रत्येक ईमेल त्याच्याकडे जाईल, किंवा सुरक्षेच्या सूचना थेट कचऱ्यात पडतील. पासवर्ड बदलल्यावरही हा नियम तसाच राहतो. सेटिंग्जमधली फिल्टरची यादी एकेक ओळ वाचून पाहा.

व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आणि टेलिग्राममध्ये ‘डिव्हायसेस’ उघडा आणि बाधित संगणकाचं सेशन फोनवरून बंद करा. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपचं सेशन एका फोल्डरमध्ये साठतं आणि तो फोल्डर उचलला की लॉगिन न करता खातं दुसरीकडे उघडतं.

क्रिप्टो वॉलेट असेल आणि त्याची सीड फ्रेज (वॉलेट परत उघडणारी शब्दांची यादी) संगणकावर एखाद्या फाइलमध्ये किंवा फोटोत असेल, तर पासवर्ड बदलून काहीही होत नाही. स्वच्छ उपकरणावर नवं वॉलेट बनवून शिल्लक लगेच तिकडे हलवा.

इशारा: ब्राउझर सिंकचा सापळा लक्षात ठेवा. फोनवर नवे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले आणि बाधित संगणक त्याच खात्यात लॉगिन असेल, तर तो नेटवर परत आल्याक्षणी नवे पासवर्ड स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून सिंकच्या खात्यातून त्या संगणकाला आधी काढून टाका.

शेवटी, तुमच्या नावाने ईमेल गेले असतील असं धरून संपर्कातल्या लोकांना दुसऱ्या मार्गाने कळवा. चालू असलेल्या संभाषणातच उत्तर म्हणून फसवी फाइल पाठवण्याची पद्धत आता सर्रास आहे, आणि ओळखीच्या पत्त्यावरून आलेल्या उत्तरावर शंका घ्यायला कुणाला सुचत नाही.

## टप्पा ५: तपासणी, आणि तिची मर्यादा

कशासाठी तपासतोय ते आधी स्पष्ट असू द्या. बाधा आहे हे तपासणीतून कळू शकतं. बाधा नाही हे खात्रीने कळत नाही. तिसऱ्या टप्प्यात ‘बाधित धरा’ असं निघालं असेल तर हा टप्पा वगळून थेट सहाव्याकडे जा. ज्यांना शंका आहे पण खात्री नाही, त्यांनी तो करावा.

१. स्वच्छ संगणकावर ‘मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर’ उतरवा आणि पेनड्राइव्हवर घ्या. हे साधन उतरवल्यापासून १० दिवसच चालतं, म्हणून जुनी प्रत वापरू नका. बाधित संगणकाचं नेटवर्क तोडलेलंच ठेवून त्यावर पूर्ण स्कॅन करा. वापरलेला पेनड्राइव्ह आता संशयित आहे. काही ट्रोजन पेनड्राइव्हवरून पसरतात, त्यामुळे तो फॉरमॅट केल्याशिवाय दुसरीकडे लावू नका.

२. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. विंडोज सुरू होण्याआधी ते चालतं, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्राम जागा होण्याआधी पकडला जाऊ शकतो. साधारण १५ मिनिटं लागतात.

३. विंडोज सिक्युरिटीमध्येच ‘एक्सक्लूजन्स’ची यादी उघडा. तुम्ही स्वतः काही घातलेलं नसेल तर ती रिकामी हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा एखादा अनोळखी फोल्डर दिसला तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. अँटीव्हायरसला ‘इथे पाहू नकोस’ असं सांगण्याचं काम ट्रोजनने केलेलं आहे.

४. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, टास्क शेड्यूलर आणि स्टार्टअप फोल्डर पाहा. ॲपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटा फोल्डरमधून चालणारी, अर्थहीन अक्षरांच्या नावाची नोंद संशयास्पद समजा. सगळ्या जागा एकाच यादीत हव्या असतील तर मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ हे साधन त्याच पेनड्राइव्हवरून न्या.

५. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या प्रक्रियेवर उजवं क्लिक करून फाइलची जागा उघडा. ती विंडोजच्या सिस्टीम३२ (क्वचित सिसवॉव६४) फोल्डरमधली हवी. हे नाव घेऊन दुसऱ्या फोल्डरमधून चालणारी प्रक्रिया बनावट आहे.

६. बसवलेल्या प्रोग्रामच्या यादीत दूरस्थ नियंत्रणाचं एखादं ॲप दिसतंय का? हे कायदेशीर प्रोग्राम असतात, रोज लाखो लोक ते वापरतात, म्हणूनच अँटीव्हायरस त्यांना गुमान सोडतो. तुम्ही बसवलेलं नसेल तर तेच तुमचं बॅकडोअर.

यातलं एकही लक्षण सापडलं तर सहाव्या टप्प्याकडे जा. सगळं स्वच्छ दिसलं, तरी ट्रोजनला खऱ्या प्रक्रियेच्या पोटात शिरून चालता येतं आणि तिथे जागा, नाव सगळं बरोबरच दिसतं. म्हणूनच या टप्प्याच्या जिवावर ‘बाधित’ हा निष्कर्ष खोडायचा नाही.

## टप्पा ६: फाइली बाहेर काढा

तुमच्याकडे घटनेच्या वेळेआधीचा बॅकअप असेल तर हा टप्पा सोडा आणि थेट फॉरमॅटकडे जा.

नसेल तर स्वच्छ संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (संगणकावर काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारी प्रणाली) बनवा, बाधित संगणक त्यावरून सुरू करा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. अशाने विंडोज सुरूच होत नाही आणि ट्रोजनही झोपलेला राहतो. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर उतरवून घेतलेली ४८ अंकी की इथे लागेल.

काय घ्यायचं: फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, साध्या टेक्स्ट फाइली, मॅक्रो नसलेल्या डॉक-एक्स आणि एक्सएलएस-एक्स.

काय सोडायचं: कुठलीही ईएक्सई, एमएसआय, बॅट, स्क्रिप्ट, शॉर्टकट, आयएसओ, मॅक्रो असलेल्या डॉक-एम आणि एक्सएलएस-एम, संपूर्ण ॲपडेटा फोल्डर, ब्राउझरचा प्रोफाइल फोल्डर, जुने इन्स्टॉलर. डाउनलोड्स फोल्डर सरसकट उचलू नका, मूळ गुन्हेगार फाइल अजून तिथेच पडलेली असू शकते.

## टप्पा ७: विंडोज नव्याने बसवा

‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय सोपा वाटतो म्हणून बरेच जण तो निवडतात. त्यात प्रोग्राम जातात, पण तुमच्या फोल्डरमधल्या फाइली जागच्या जागी राहतात, आणि त्यातच धोका असतो. बाधित विंडोजच्या आतूनच तिची सफाई करायला सांगणं हेही बरोबर नाही. पेनड्राइव्हवरून बसवा.

१. स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ तयार करा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे संगणकाला चालत असेल तर इथेच ११वर या.

२. बाधित संगणकात एकाहून जास्त डिस्क असतील तर बाकीच्या काढून ठेवा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रकार इथेच घडतो.

३. संगणक सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. पेनड्राइव्ह निवडा.

४. डिस्क निवडण्याच्या पानावर त्या डिस्कवरचं एकेक पार्टिशन डिलीट करा, शेवटी फक्त ‘अनॲलोकेटेड स्पेस’ उरली पाहिजे. नुसतं सी पार्टिशन फॉरमॅट करून डी तसंच ठेवणं ही या टप्प्यातली सर्वांत मोठी चूक. ट्रोजनची प्रत डीवर राहिली तर तिथल्या एका क्लिकने सगळं परत सुरू होतं. डीवरचा डेटा सहाव्या टप्प्यात बाहेर आलेला आहे याची इथे पुन्हा एकदा खात्री करा.

५. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घ्या आणि पूर्वीचीच आवृत्ती निवडा. आधीची विंडोज डिजिटल परवान्याची असेल तर नेट जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते.

६. पहिलं काम विंडोज अपडेट. सगळे अपडेट येऊन रीस्टार्ट होईपर्यंत ईमेलही उघडू नका.

पायरेटेड विंडोज, ऑफिस किंवा ‘ॲक्टिव्हेटर’ पुन्हा बसवणार असाल तर इथवरची सगळी मेहनत पाण्यात. ती साधनं चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्यांच्या आत दुसरा ट्रोजन असणं अजिबात दुर्मीळ नाही.

## टप्पा ८: डेटा परत आणा

फाइलींचं एक्स्टेंशन दिसेल अशी सेटिंग आधी करा (नवव्या टप्प्यात दिली आहे), मग बॅकअपची डिस्क जोडा. काहीही न उघडता डिस्कवर उजवं क्लिक करून स्कॅन करा. फाइल एक्सप्लोरर ‘डिटेल्स’ स्वरूपात लावून ‘टाइप’ रकान्यानुसार रचा: ॲप्लिकेशन, शॉर्टकट, स्क्रिप्ट असे प्रकार एकत्र येतील, ते सगळे डिलीट करा. मग उरलेलं कॉपी करा.

क्लाउडचा फोल्डर संगणकाशी सिंक होत असेल तर बाधित काळात तिथेही फाइली गेलेल्या असू शकतात. सिंक चालू करण्याआधी वेब ब्राउझरमध्ये क्लाउड उघडून घटनेच्या वेळेनंतर आलेल्या फाइली तपासा.

## टप्पा ९: पुढच्या ईमेलसाठी संगणक घट्ट करा

१. एक्स्टेंशन दाखवा. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘शो’ आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’. मूळ सेटिंगमध्ये ती लपलेली असतात, त्यामुळे ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल ‘पावती.पीडीएफ’ अशी दिसते. पण शॉर्टकटचं, म्हणजे एलएनकेचं एक्स्टेंशन ही सेटिंग लावूनही दिसत नाही. काही फाइलींच्या नावात अक्षरांची दिशा उलटवणारं अदृश्य चिन्ह टाकून एक्स्टेंशन मधोमध लपवलेलं असतं. दोन्ही वेळा ‘टाइप’ रकाना खरं सांगतो, म्हणून उघडण्याआधी तोच वाचा.

२. रोजचं खातं साधं ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, रोजच्या कामाचं स्टँडर्ड. ट्रोजन चालला तरी त्याचा आवाका त्या एका खात्यापुरता राहण्याची शक्यता वाढते, आणि सी ड्राइव्हला ‘एक्सक्लूजन’ लावायला त्याला पासवर्ड विचारला जातो.

३. स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडा. जेएस, जेएसई, व्हीबीएस, व्हीबीई, डब्ल्यूएसएफ आणि एचटीए या प्रकारांसाठी ‘डिफॉल्ट ॲप’ म्हणून नोटपॅड निवडा. चुकून डबल-क्लिक झालं तरी अक्षरं दिसतील, चालणार काही नाही. घरच्या संगणकाला या फाइली चालवायची सहसा गरजच नसते.

४. ऑफिसचं संरक्षण काढू नका. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातूनच अडवायला सुरुवात केली. म्हणून आता फसव्या ईमेलमध्ये सूचना येते: ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर खूण करा’. खरा पाठवणारा असं कधी सांगत नाही.

५. पासवर्ड लावलेली झिप, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये. हे लक्षण पाठ करून ठेवा. ईमेल सेवेच्या स्कॅनरला आतलं दिसू नये म्हणून झिपला कुलूप लावलेलं असतं. गोपनीयतेसाठी लावलं असतं तर किल्ली दुसऱ्या मार्गाने आली असती.

६. फोन करून विचारा. पाठवणारा ओळखीचा आणि संभाषण खरं असलं तरी. क्रमांक तुमच्या यादीतला वापरा, ईमेलच्या खाली दिलेला नको.

७. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

## पुढचे तीन महिने

चोरलेली माहिती लगेच वापरली जातेच असं नाही, बऱ्याचदा ती विकली जाते आणि काही आठवड्यांनी तिसराच कुणी वापरतो. म्हणून बँक आणि कार्डाचं विवरण दर आठवड्याला पाहा आणि लहान रकमेचे अनोळखी व्यवहारही कळवा. कार्ड चालतंय का ते आधी किरकोळ रकमेने तपासलं जातं. मुख्य ईमेल खात्यातली लॉगिनची यादी आणि फिल्टर महिन्यातून एकदा उघडा. संगणकावर ओळखपत्रांचे स्कॅन पडलेले होते का ते आठवा. असतील तर कर्ज किंवा नवं सिमकार्ड तुमच्या नावावर निघाल्याच्या संदेशांकडे दुर्लक्ष करू नका. फोनचं नेटवर्क अचानक बराच वेळ गेलं तर दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगोलग बँकेला गाठा.